ऑईल फिल्टर चोंदलाय, हे गाडी उशिरा सांगते

धंद्यासाठी जुनी गाडी घेतली, तिचा ऑईल फिल्टर चोंदलाय हे ओळखायचं कसं? ट्रेनिंगला येणारे हे नेहमी विचारतात. आज तेवढंच बघू.

पंपातून निघालेलं ऑईल फिल्टरच्या कागदातून गाळून बेअरिंगकडे जातं. काजळी, धातूचा बारीक कीस, धूळ कागदात अडकते आणि हळूहळू कागद चोंदतो. मग इंजिनला ऑईल मिळणं बंद व्हायला पाहिजे ना? होत नाही. बहुतेक गाड्यांत फिल्टरमध्ये किंवा तो बसतो तिथं बायपास व्हॉल्व असतो. फिल्टर अडला की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑईल थेट पुढं जातं. कोरडं चालण्यापेक्षा घाण ऑईल बरं, एवढाच त्यामागचा हिशेब. ड्रायव्हरला काहीच कळत नाही. गाडी पळते, भाडं मिळतं, आत बेअरिंग घासत राहतं.

म्हणून दिसतात ती लक्षणं उशिराची असतात. इंजिन गरम असताना आयडलिंगला ऑईलचा लाल दिवा लुकलुकतो, रेस दिली की जातो. सकाळी स्टार्ट केल्यावर टॅपेटची टकटक नेहमीपेक्षा जास्त वेळ चालते. चढावर दम कमी पडतो, इंजिन तापतं, असंही लोक सांगतात. पण त्याला दहा कारणं असतात, एकट्या ऑईल फिल्टरवर आळ घेऊ नका. आणि डिझेल गाडीचं ऑईल लवकर काळं होतं, ते नॉर्मल आहे.

लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. "भोकरपर्यंत जाऊ, तिथं मिस्त्री आहे" हे चालणार नाही. सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबून ऑईलची पट्टी बघा. ऑईल कमी असेल तरी हाच दिवा लागतो. लेव्हल बरोबर असेल तर फिल्टर, पंप किंवा सेन्सर यातलं काय, हे गेज लावून प्रेशर मोजल्यावरच कळतं.

खरी खूण म्हणजे किलोमीटरची नोंद. गाडीच्या पुस्तकात बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक साध्या वापराचा आणि दुसरा धूळ, लोड, सारखं बंद-चालू असलेल्या वापराचा. हिमायतनगरच्या खेड्यापाड्यांतून कापूस, सोयाबीन वाहणाऱ्या गाडीला दुसराच आकडा लागू. पहिला धरून लोक पैसे वाचवतात, म्हणजे वाचवले असं त्यांना वाटतं. फिल्टर काहीशे रुपयांचा. बेअरिंग-क्रँकचं काम निघालं तर खर्च हजारोंत, वर गाडी उभी तितके दिवस भाडं बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू.

जुनी गाडी घेताना मालकाकडं सर्व्हिसची नोंद नसेल, तर फिल्टर चोंदलेलाच आहे असं धरा. ऑईल आणि फिल्टर पहिल्याच दिवशी बदला, तो खर्च सौद्यातच कापून घ्या.

बदलताना स्वतः उभे राहा. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि त्यावरच नवीन बसवला तर ऑईल गळून इंजिन रिकामं होतं. नवीन रिंगला ऑईलचं बोट लावायचं, फिल्टर हातानंच आवळायचा, मग इंजिन चालू करून खाली थेंब पडतो का बघायचं. आणि फिल्टरवर मार्करनं तारीख व किलोमीटर लिहून टाका.