केस, कांटा आणि भय



कांहीं वर्षांपूर्वीं इंग्रजीच्या तासाला आम्हीं वर्गास भाषांतरासाठीं एक वाक्य घातलें होतें : ‘भुताची गोष्ट ऐकून माझ्या अंगावर कांटा आला.’ वाशीम जिल्ह्यांतील रिठद गांवाहून शिकावयास आलेल्या एका मुलानें उठून, ‘ए थॉर्न केम ऑन माय बॉडी’ असें उत्तर दिलें. वर्ग हंसला, आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीही हंसलों. त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलानें हात वर केला नाहीं. त्याचें उत्तर चुकलें होतें खरें. परंतु तें किती थोडक्यानें चुकलें होतें, हें आम्हांस घरीं पुस्तकें उघडल्यावर समजलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्रज मनुष्य अशा वेळीं ‘माय हेअर स्टुड ऑन एन्ड’, म्हणजे माझे केस ताठ उभे राहिले, असें म्हणतो. भयंकर प्रसंगास तो ‘हेअर-रेझिंग’ हें विशेषण लावतो. ही कल्पना त्याच्या भाषेंत जुनी आहे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलांत, ईयोबाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत, अलीफज हा रात्रीं आपल्या समोरून आत्मा गेल्याचें सांगतांना अंगावरील केस उभे राहिल्याचें बोलतो. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकांत मृत राजाचें भूत आपल्या पुत्रास बजावतें कीं, मी माझ्या बंदिवासाची हकीकत सांगितली तर तुझा एकेक केस साळिंदराच्या कांट्यासारखा उभा राहील. पाहा, कांटा येथेंही आलाच! वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या मुलास साळिंदराची ओळख करून देण्याचें कारण नाहीं.

असें होतें कां? प्रत्येक केसाच्या मुळाशीं एक बारीक स्नायु असतो. भयानें किंवा थंडीनें तो आपोआप आंखडतो. केस उभा राहतो व त्याच्या बुडाशीं कातडीवर लहानसा उंचवटा येतो. कुत्रें दिसतांच मांजर फुगतें तें याच स्नायूंच्या बळावर. त्यामुळें तें शत्रूस मोठें व भयंकर दिसतें. डार्विन यानें 1872 सालच्या आपल्या ग्रंथांत प्राण्यांच्या या खुणेचा पुष्कळ विचार केला आहे. मनुष्याच्या अंगावर तितके दाट केस उरले नाहींत, खूण मात्र राहिली. इंग्रजाची नजर केसावर गेली, आपली त्या उंचवट्यावर. अर्थात् उंचवटा त्यालाही दिसला. त्यास तो ‘गूज फ्लेश’ म्हणतो, म्हणजे पिसें उपटलेल्या पक्ष्याची कातडी. आमच्या मतें आपला कांटाच अधिक चांगला.

याहून नवलाची गोष्ट पुढें आहे. ‘हॉरर’ हा शब्द लॅटिन भाषेंतील ‘हॉरेरे’ या क्रियापदापासून झाला, व त्याचा मूळ अर्थ केस ताठ उभे राहणें असाच आहे. ‘हॉरिबल’, ‘हॉरिड’, आणि तिटकारा येणें या अर्थाचा ‘ॲबहॉर’ हीं त्याच कुळांतील मंडळी. या लॅटिन शब्दाची संस्कृतांतील बहीण म्हणजे ‘हृष्’ हा धातु, आणि त्यापासून आपला ‘हर्ष’! एकाच मुळापासून इंग्रजांकडे भय गेलें व आपल्याकडे आनंद आला. ‘रोमहर्ष’ या शब्दांत मात्र जुना अर्थ अजून जिवंत आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनास रोमहर्ष होतो तो विषादानें, आणि अठराव्यांत संजयास होतो तो आश्चर्यानें.

जो भीत नाहीं त्याच्याविषयीं इंग्रज ‘ही डिड नॉट टर्न ए हेअर’ असें म्हणतो. ही उपमा मूळची घोड्याची. घामानें त्याचे केस विस्कटतात. परंतु केसाच्या सर्वच म्हणी भयाच्या नव्हेत. आपलें ‘केसानें गळा कापणें’ कोणी शब्दशः इंग्रजींत उतरविलें, तर परीक्षक बिचारा बुचकळ्यांत पडेल.

रिठदच्या त्या विद्यार्थ्याची वही आम्हीं पुन्हां मागून घेतली. ‘थॉर्न’खालची तांबडी रेघ खोडली नाहीं, कारण परीक्षेंत तें वाक्य चालणार नाहीं, परंतु शेजारीं ‘साळिंदर’ असें लिहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं ‘हॅम्लेट’मधील तो भाग त्यालाच वर्गापुढें वाचावयास दिला.