ताई ची आणि ऐकिडो: समोरचा खरंच पडतो की मुद्दाम पडतो?

एक जण मनगट फिरवतो आणि समोरचा गिरकी घेऊन चटईवर पडतो. ऐकिडोची अशी रील आली की खाली कमेंट ठरलेली: 'सगळं सेटिंग आहे.' ताई चीच्या रीलमध्ये दोघं हाताला हात लावून संथ पुढेमागे होतात. तिथे लोक विचारतात, 'यात लढाई कुठंय?'

दोन्हींचं उत्तर एका प्रश्नात आहे. सरावात समोरच्याचं काम काय ठरलंय?

आधी लातूरच्या तालमीत डोकावू

१९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातले. इथल्या माणसाला कुस्ती समजावून सांगावी लागत नाही. सलामी होते, मग खडाखडी. हात मानेवर, मनगटावर, आणि दोघंही समोरच्याचा तोल कुठे आहे ते चाचपतात. कुणीच कुणाला मदत करत नाही.

ताई ची: नुसती खडाखडीच

ताई चीच्या जोडीच्या सरावाला चिनी भाषेत 'तुई शौ' म्हणतात, म्हणजे 'ढकलणारे हात'. मनगट आणि कोपराखालचा हात एकमेकांना चिकटलेला ठेवायचा आणि समोरच्याचा जोर हातानेच ओळखायचा. जोराला जोर लावायचा नाही. तो वळवायचा आणि तोल गेला की ढकलायचं. एका जागी उभं राहून खेळताना ज्याचा पाय हलला तो हरला. हल्ला कोण करणार हे ठरलेलं नसतं, दोघंही संधी शोधतात. चीनमध्ये याच्या स्पर्धाही होतात.

पण इथे ठोसा नाही, लाथ नाही. तोल कळतो, मार चुकवणं कळत नाही.

ऐकिडो: भूमिका आधीच ठरलेल्या

जपानच्या मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांनी ऐकिडो घडवला. इथे एक जण 'उके', म्हणजे हल्ला करणारा आणि शेवटी पडणारा. दुसरा बाजूला सरकतो, वळतो आणि मनगट किंवा कोपर पिळतो. 'कोतेगाएशी'मध्ये वेगाने पिळलेलं मनगट ताठ धरलं तर सांधा दुखावू शकतो. म्हणून उके स्वतःच पिळाच्या दिशेने पडतो. असं सुरक्षित पडणं तो सुरुवातीपासून शिकतो.

म्हणजे पिळ खरा, पण हल्ला ठरलेला. हात मागे खेचणारा किंवा हुलकावणी देणारा माणूस या सरावात सहसा भेटत नाही. उएशिबांच्या मुख्य परंपरेत स्पर्धा नाहीत. त्यांचे शिष्य आणि ज्युडोका केंजी तोमिकी यांनी मात्र स्पर्धा आणली. एकाच्या हातात मऊ सुरी, दुसरा रिकाम्या हाताने, नंतर अदलाबदल. तिथे कुणी आपणहून पडत नाही, आणि रीलसारख्या गिरक्या फारशा दिसत नाहीत.

नांदेडचा गतका काय सांगतो?

नांदेडला होला महल्ल्यात गतक्याची प्रात्यक्षिकं होतात. त्यात फिरकी आणि लय बसवलेली असते. हाच गतका स्पर्धेत फरी-सोटीने खेळतात, तेव्हा सोटी अंगाला लागली की गुण जातो. कला तीच, पण समोरच्याचं काम बदललं.

मग क्लास कुठला लावायचा?

स्वसंरक्षणासाठी पोरीला किंवा स्वतःला क्लास लावत असाल, तर फी भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून बघा. पडायला शिकवतात का? हल्ला कधी न सांगता होतो का? आणि मुख्य म्हणजे, समोरचा कधी पडायला नकार देतो का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर तिथे तोल, शिस्त आणि पडणं नक्की शिकता येईल. पण रस्त्यावर कुणी हात धरला तर तेवढ्यावर विसंबू नका.