पिवळं फूल खालून बघा

नाशिकच्या द्वारका चौकात, दुभाजकाच्या भेगेत लांब देठावर एक फिकट पिवळं फूल डोलताना दिसतं. ही एकदांडी. जखमेवर हिचा पाला चोळायची रीत इतकी मुरलेली, की ती आपलीच असं कोणीही छातीठोकपणे सांगेल. पण ती मूळची उष्ण अमेरिकेतली. शहराबाहेरच्या डोंगरउतारांवर, पानझडी रानात भेटतात ती अस्सल इथली पिवळी फुलं. आपण मात्र सगळ्यांना ‘सोनकी’ म्हणून मोकळे होतो.

मुळात यातलं प्रत्येक ‘फूल’ हे एक फूल नसतंच. ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली. या कुळात 25 हजारांहून अधिक जाती आहेत, आणि बहुतेकींचं ‘फूल’ म्हणजे चिमुकल्या फुलांची दाटी. मधल्या चकतीत नळीसारखी बिंबपुष्पकं. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक किरणपुष्पक. रंगावर विसंबलात तर फसलात. फूल हलकेच वाकवून खालची, छदांची (चिमुकल्या पानांची) हिरवी वाटी बघा.

सोनकीच्या (सेनेशिओ बॉम्बेएन्सिस) वाटीतली लांबट छदं एकाच रांगेत, एकमेकांना खेटून उभी असतात. सोनकडीची (विकोआ इंडिका) छदं कौलांसारखी अनेक रांगांत रचलेली, बाहेरची आखूड, आतली लांब. शिवाय तिची किरणं अगदी बारीक, आणि बिनदेठाच्या पानाचं बूड खोडाला बिलगलेलं. एकदांडीची किरणं मोजकीच, रुंद, टोकाला दातेरी. मुरमात वाढणारी खडकशेपू या सगळ्यांत खुजी: पान बारीक चिरलेलं, किरणं एखाद-दुसरीच, बीजफळाला दोन ताठ काटे. तिच्यासाठी गुडघे टेकावेच लागतात.

जागा आणि ऋतूही साक्ष देतात. अंजनेरी-ब्रह्मगिरीकडे भाद्रपदात पठार पिवळं झालं, तर ती बहुधा सोनकी. कोरड्या उघड्या रानात पाऊस सरल्यावरही फुललेली दिसली, तर सोनकडीचा संशय घ्यावा. खात्री करायची तर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 1991 मध्ये प्रसिद्ध केलेला नाशिक जिल्ह्याचा वनस्पतिकोश आहे. इंग्रजीत आहे, पण पक्का आहे.

ओळख पटली म्हणून काढा करून पिऊ नका. सोनकीच्या प्रजातीतल्या बऱ्याच वनस्पतींत यकृताला घातक द्रव्यं असतात. उपटूही नका. तीन फोटो पुरतात: फूल वरून, फूल खालून आणि खोडाला जोडलेलं पान. सोबत तारीख आणि ठिकाण लिहा.