नाकारलेल्या ओळींचे काय होते?

असे समजा, एखाद्या कॉलेजाकडे प्रवेशाचे दहा हजार अर्ज आले आहेत. त्यांची माहिती एका फाइलीत, एकेका ओळीला एकेक विद्यार्थी अशी, उतरवून ठेवली आहे. आणि आता ती डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकाच्या खतावणीत, भरायची आहे. हे काम करायला एक खास प्रोग्रॅम असतो. ओरॅकलचा एसक्यूएल लोडर हा त्यांतला जुना, नावाजलेला. दहा हजार ओळी म्हटल्या की चुका आल्याच. मग चुकीच्या ओळींचे हा गडी करतो तरी काय?

सगळ्या चुका तो एका मापाने मोजत नाही, ही त्यातली गंमत. ओळच मोडकी असेल, अवतरणचिन्ह उघडले पण मिटलेच नाही, तर तो ती डेटाबेसपर्यंत नेतच नाही. 'बॅड फाइल' नावाच्या वेगळ्या फाइलीत टाकतो. ओळ धड आहे, पण गुणांच्या जागी अक्षरे आहेत, किंवा एकच क्रमांक दोघांना दिला आहे, तर खुद्द डेटाबेस ती परत करतो. तीही बॅड फाइलीतच जाते. जशीच्या तशी हं, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा भरता यावी. ती का नाकारली, हे मात्र तिथे नाही, लॉग फाइलीत पाहायचे. बॅड फाइल कुणी उघडलीच नाही, तर तो विद्यार्थी यादीत नाही तो नाहीच!

विज्ञान शाखेचेच अर्ज घ्या, अशी अट घातली तर बाकीचे वगळले जातात. ही चूक नव्हे. त्यांच्यासाठी 'डिस्कार्ड फाइल' असते, पण ती मागावी लागते.

काही वेगळे सांगितले नाही, तर एसक्यूएल लोडर 50 चुकांपर्यंत सोसतो. त्यापुढे काम थांबवतो. नेहमीच्या पद्धतीत तोवर भरलेल्या ओळी आतच राहतात. अर्धी यादी आत, अर्धी बाहेर! कुठून पुढे जायचे ते लॉग वाचून ठरवावे. थेट भरणीची पद्धत वेगवान खरी, पण तिच्यात दुबार क्रमांक आत शिरतात आणि अनुक्रमणिका निकामी होऊन बसते. पोस्टग्रेसची 'कॉपी' आज्ञा याहून कडक: एक ओळ बिघडली की सगळी भरणी रद्द. 2024 च्या सतराव्या आवृत्तीपासून अशी ओळ वगळता येते, पण आकड्याच्या जागी अक्षरे अशा जातीच्या चुकांपुरतीच. दुबार क्रमांकाला माफी नाही.

आणि जी चूक चूक म्हणून दिसतच नाही, तिचे काय? फाइलीत जन्मतारीख आधी दिवस, मग महिना अशी आहे, आणि लोडरला आपण उलटे सांगितले. 25/04 ही तारीख तो नाकारील, कारण पंचविसावा महिना नाही. पण 03/04 मुकाट्याने घेईल, आणि तीन एप्रिलचा मुलगा चार मार्चचा होईल. कुठल्याच फाइलीत त्याची नोंद नाही. अशा वेळी 50 ची मर्यादा उपकारकच. एखाद्या उतावळ्याने ती वाढवून ठेवली तर मात्र भरणी शेवटपर्यंत जाते. तेव्हा बॅड फाइलीत सगळ्या तारखा बाराच्या पुढच्याच दिसल्या, तर आत गेलेल्या ओळीही काढून तपासा.