मुंबई उपनगरांतील हिवाळी पक्षीनिरीक्षण

मुंबई उपनगरांतील हिवाळी पक्षीनिरीक्षण हा बोरिवली, अंधेरी, मुलुंड, भांडुप, घाटकोपर आदी उपनगरांत साधारणतः सप्टेंबर ते मार्च या काळात जोपासला जाणारा छंद आहे. त्याला नागरिक-विज्ञानाचेही अंग आहे. पूर्वेस ठाणे खाडी, मध्यभागी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आणि पश्चिमेस मालाड, मनोरी व गोराई परिसरातील तिवरे अशा तीन भिन्न अधिवासांमध्ये ही उपनगरे वसलेली आहेत. त्यामुळे सकाळी रानपक्षी आणि दुपारी पाणपक्षी पाहणे येथे लोकल गाडीच्या प्रवासातही शक्य होते.

== हंगाम ==

पक्ष्यांचा हिवाळा पंचांगातील हिवाळ्याच्या आधीच सुरू होतो. पाऊस पुरता ओसरण्यापूर्वी, ऑगस्टच्या अखेरीपासून, चिखल्या, तुतवार व टिलवे हे उत्तरेकडील चिखलपक्षी खाडीकाठी उतरू लागतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात सोसायट्यांच्या कुंपणांतून ब्लिथच्या वटवट्याचा 'चक् चक्' असा आवाज येऊ लागतो. हा मळकट रंगाचा लहान पक्षी दिसण्यापेक्षा ऐकूच अधिक येतो आणि नवख्या निरीक्षकांच्या नोंदींतून बहुधा निसटतो. मोकळ्या मैदानांवर पांढरा धोबी व करडा धोबी, तर झाडांच्या शेंड्यांवर हळद्या दिसू लागतो. बदके मागाहून, नोव्हेंबरच्या सुमारास येतात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी येथे वर्षभर राहतो. मात्र थंडीच्या सकाळी पानगळ झालेल्या झाडांवर ऊन खात बसलेले त्याचे थवे या दिवसांत सहज नजरेस पडतात.

== ठाणे खाडी व भरती-ओहोटी ==

भांडुप उदंचन केंद्राचा परिसर हे पूर्व उपनगरांतील सर्वाधिक परिचित ठिकाण होय. तिवरे, मिठागरे, गोड्या पाण्याची डबकी व गवताळ पट्टे येथे एकमेकांना लागून आहेत. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, दलदल भोवत्या, शंकर, गप्पीदास अशा अनेक पक्ष्यांच्या नोंदी येथून होतात.

खाडीवरील निरीक्षणाचे यश घड्याळापेक्षा भरतीवर अवलंबून असते. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरच्या चिखलावर विखुरतात आणि दुर्बिणीतही ठिपक्यांएवढेच दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, तेव्हा ते मिठागरांच्या बांधांवर किंवा उथळ तळ्यांत दाटीने विसावतात. पाणी चढत असताना चिखलाची पट्टी अरुंद होत जाते व पक्षी काठाकडे ढकलले जातात. ही वेळ सर्वांत फलदायी ठरते. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचा अंदाज बांधण्याची जुनी रीत येथेही उपयोगी पडते: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, तर अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असते. खाडीच्या आतल्या भागात ती थोडी उशिरा पोहोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिक चढत असल्याने मिठागरांवरील गर्दी त्या दिवसांत वाढते.

रोहित अर्थात फ्लेमिंगो हे या खाडीचे मुख्य आकर्षण. छोटा रोहित प्रामुख्याने सूक्ष्म शैवाल गाळून खातो. मोठा रोहित चिखलातील लहान जीवही टिपतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून त्यांची संख्या ठळकपणे वाढली. शहराच्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शैवाल फोफावणे हे त्याचे एक कारण मानले जाते, म्हणजे ज्या प्रदूषणाविषयी तक्रार केली जाते तेच या पक्ष्यांच्या ताटात वाढले जाते. काही वर्षांच्या गणनांत हा आकडा एक लाखाहून अधिक भरला. नोव्हेंबरमध्ये गुलाबी थव्यांच्या अपेक्षेने येणाऱ्यांची मात्र अनेकदा निराशा होते, कारण मोठे थवे सहसा हिवाळ्याच्या उत्तरार्धात व उन्हाळ्याच्या प्रारंभी दिसतात. २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

== जंगल व पश्चिम उपनगरे ==

राष्ट्रीय उद्यानातील शिलोंडा वाट व कान्हेरी परिसरात निळा माशीमार, कस्तूर व विविध वटवटे आढळतात. जानेवारीनंतर काटेसावर व पळस फुलले की हरेवा, कोतवाल आणि भोरड्यांची झुंबड उडते. फुललेल्या एका झाडाखाली तासभर थांबणे हे दोन मैल चालण्याहून अधिक पक्षी दाखवते. बिबट्यांचा वावर असल्याने पहाटे एकट्याने जाणे टाळले जाते. अंधेरीत लोखंडवाला तळे आणि पवई तलावाचा काठ ही जवळची ठिकाणे आहेत.

== इतिहास व नोंदी ==

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मध्ये झाली. सलीम अली व हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांवरील लेखमाला संस्थेच्या नियतकालिकात १९३६ ते १९३९ दरम्यान प्रसिद्ध केली. आजच्या नोंदींची तुलना करण्यासाठी तिचे महत्त्व टिकून आहे. मारुती चितमपल्ली (जन्म ५ नोव्हेंबर १९३२) व सलीम अली (जन्म १२ नोव्हेंबर १८९६) यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात २०२० पासून साजरा होतो. अनेक निरीक्षक आपल्या याद्या 'ईबर्ड' या संकेतस्थळावर नोंदवतात. एखादा पक्षी न दिसल्याची नोंदही या याद्यांतून मिळते. घट ओळखण्यासाठी ती दिसल्याच्या नोंदीइतकीच उपयोगी असते.

== सुट्टीतील सहली ==

एका दिवसासाठी पनवेलजवळचे कर्नाळा अभयारण्य सोयीचे आहे. मुक्कामी सहलींसाठी उजनी जलाशयाकाठचे भिगवण आणि नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर, हे राज्यातील पहिले रामसर स्थळ, यांना पसंती मिळते. भिगवणला स्थानिक मच्छीमारांच्या होड्यांतून पट्टकदंब हंस व रोहित पाहता येतात.

== धोके ==

खाडीचे अभयारण्य संरक्षित असले, तरी पक्षी भरतीच्या वेळी ज्या जागी विसावतात ती मिठागरे बहुतांशी त्याच्या हद्दीबाहेर आहेत. कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी वापरण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली; पर्यावरण कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला. विसाव्याची जागा गेल्यास पक्ष्यांना भरतीचे तास हवेत घिरट्या घालत काढावे लागतात आणि स्थलांतरासाठी साठवलेली चरबी त्यात खर्च होते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर येथे उतरणाऱ्या विमानाची धडक बसून सुमारे ४० रोहित मृत्युमुखी पडले. थवा त्या उंचीवर व त्या मार्गाने का आला, याविषयी खाडीवरून जाणाऱ्या वीजवाहिन्या, पाणथळ जागांवरील दबाव अशी वेगवेगळी मते मांडली गेली.