मृत्यूच्या कारणाची दुरुस्ती

दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून १९९४ पर्यंत टिकलेल्या वर्णद्वेषी राजवटीने, म्हणजे आफ्रिकान्स भाषेत नुसता ‘अलगपणा’ असा अर्थ असलेल्या ‘अपार्थाइड’ या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेने, आपल्या विरोधकांचे प्राण घेतले आणि मग त्यांच्या मृत्यूच्या नोंदीही आपल्या सोयीने लिहून ठेवल्या. त्यामुळे त्या देशात बळींचे स्मरण स्मारके उभारून किंवा फुले वाहून पुरे होत नाही. सरकारी दप्तरात लिहिलेले मृत्यूचे कारण बदलून घेणे हे तेथील स्मरणाचे सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे रूप ठरले आहे.

खोटेपणाची सुरुवात मृतांच्या संख्येपासूनच होते. जोहान्सबर्गच्या दक्षिणेस असलेल्या शार्पव्हिल या वसाहतीत २१ मार्च १९६० रोजी ‘पास’च्या सक्तीविरुद्ध लोक पोलीस ठाण्यासमोर जमले होते, पास म्हणजे कृष्णवर्णीय माणसाने आपल्याच देशात कोठे राहावे व कोठे काम करावे हे ठरवणारे, सदैव जवळ बाळगावे लागणारे ओळखपुस्तक. पोलिसांनी या निःशस्त्र जमावावर गोळीबार केला आणि पळून जाणाऱ्या अनेकांच्या पाठीत गोळ्या लागल्या. मृतांचा अधिकृत आकडा ६९ असा लिहिला गेला व तोच जगभर पाठ झाला. मात्र जुने दस्तऐवज नव्याने तपासणाऱ्या इतिहासकारांनी ही संख्या किमान ९१ असल्याचे दाखवले आहे. संयुक्त राष्ट्रसंघ २१ मार्च हा दिवस वंशभेद निर्मूलनाचा दिवस म्हणून पाळतो, दक्षिण आफ्रिकेत तो मानवाधिकार दिन आहे, आणि तरीही सहा दशके उलटेपर्यंत त्या दिवसाच्या कितीतरी मृतांची साधी गणतीसुद्धा झालेली नव्हती.

शार्पव्हिलनंतर हिंसा रस्त्यावरून बंद खोल्यांतही शिरली. १९६३ च्या कायद्याने कोणालाही आरोपाविना ९० दिवस डांबून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला आणि १९६७ च्या दहशतवादविरोधी कायद्याने ही मुदतही काढून टाकली. वकील, नातेवाईक, न्यायाधीश यांपैकी कोणीही कैद्यापर्यंत पोहोचू शकणार नाही अशी ती तजवीज होती. लुकस्मार्ट एन्गुडले हे सप्टेंबर १९६३ मध्ये अशा कोठडीत मरण पावलेले पहिले राजकीय बंदी मानले जातात. पुढे अशा मृत्यूंची संख्या सत्तरीपलीकडे गेली. प्रत्येक मृत्यूनंतर ‘इन्क्वेस्ट’, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची दंडाधिकाऱ्यासमोर होणारी न्यायालयीन चौकशी, रीतसर भरत असे. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ हे शब्द जितके सवयीचे आहेत, तितकेच तेथील जनतेला या चौकशांचे निष्कर्ष सवयीचे झाले होते: कैद्याने गळफास घेतला, तो जिन्यावरून पडला, साबणावरून घसरला, आणि दोष कोणाचाही नाही.

अहमद तिमोल यांचे प्रकरण या पद्धतीचा पुरता उलगडा करते. सुरतजवळच्या खोलवड गावातून आलेल्या कुटुंबात १९४१ साली ट्रान्सव्हाल प्रांतात जन्मलेले तिमोल रूडपोर्ट येथे शाळाशिक्षक होते आणि बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे भूमिगत काम करीत. २२ ऑक्टोबर १९७१ च्या रात्री जोहान्सबर्गमध्ये नाकाबंदीवर त्यांना व सलीम एसॉप या तरुण विद्यार्थ्याला पकडण्यात आले आणि २७ ऑक्टोबरला ‘जॉन व्हॉर्स्टर स्क्वेअर’ या पोलीस मुख्यालयाच्या इमारतीखाली तिमोल मृतावस्थेत आढळले. चौकशी चालू असताना त्यांनी दहाव्या मजल्यावरील १०२६ क्रमांकाच्या खोलीच्या खिडकीतून उडी मारली, असे पोलिसांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी दंडाधिकाऱ्याने ते मान्य केले, आत्महत्येचा निष्कर्ष लिहिला आणि छळाचा आरोप फेटाळून लावला. इस्लाममध्ये आत्महत्या निषिद्ध असल्यामुळे या निष्कर्षाने एका श्रद्धाळू कुटुंबाच्या शोकावर कलंकाचेही ओझे लादले, ही गोष्ट कायद्याच्या कागदांत कोठेच दिसत नाही. पण तिच्यावाचून पुढच्या साडेचार दशकांचा हट्ट समजणार नाही.

राजवट गेल्यानंतर १९९५ च्या कायद्याने ‘सत्य आणि सलोखा आयोग’ स्थापन झाला आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल १९९६ पासून त्याच्या जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. १९६० ते १९९४ या काळातील अत्याचारांबाबत एकवीस हजारांहून अधिक पीडितांची निवेदने त्याने नोंदवली. ज्या गुन्हेगारांनी राजकीय हेतूने केलेल्या कृत्यांची संपूर्ण कबुली दिली त्यांना माफी देण्याचा अधिकारही त्याला होता. सात हजारांहून अधिक अर्ज आले, ८४९ जणांना माफी मिळाली. ज्यांनी कबुली दिली नाही वा ज्यांना माफी नाकारली गेली त्यांच्यावर खटले चालतील, असा या सौद्याचा दुसरा भाग होता आणि आयोगाने सुमारे ३०० प्रकरणे सरकारी अभियोक्त्यांकडे सोपवलीही होती. तो भाग पाळला गेला नाही, आणि हा लोकशाही सरकारचा अपराध वर्णद्वेषी राजवटीच्या अपराधाइतका मोठा नसला तरी क्षम्य म्हणता येणार नाही. तिमोल यांच्या आई हवा तिमोल यांनी १९९६ मध्ये आयोगापुढे साक्ष दिली. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

काम पुढे चालवले ते तिमोल यांचे भाचे इम्तियाझ काजी यांनी. त्यांच्या चिकाटीमुळे २०१७ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात ही चौकशी पुन्हा उघडली गेली. न्यायवैद्यक तज्ज्ञांनी दाखवून दिले की देहावरील कित्येक जखमा पडण्यापूर्वीच्या होत्या आणि तशा अवस्थेत माणूस खिडकीपर्यंत जाऊन उडी मारूच शकला नसता. एसॉप यांनी स्वतःवर झालेल्या छळाची साक्ष दिली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायमूर्ती बिली मोथले यांनी निर्णय दिला की तिमोल यांना वरून ढकलण्यात आले आणि तो खून होता. खोलीत हजर असल्याचे स्वतः सांगणाऱ्या माजी पोलीस कर्मचाऱ्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला, परंतु खटला उभा राहण्यापूर्वीच २०२१ मध्ये तो मरण पावला. शिक्षा कोणालाच झाली नाही. मात्र दप्तरातील एक शब्द बदलला, आणि त्या शब्दाच्या आधारे इतरांची दारे उघडली. कामगार संघटनांचे डॉक्टर नील ॲगेट यांचा १९८२ मधील मृत्यू आत्महत्या नव्हता असे २०२२ मध्ये, तर केपटाऊनचे इमाम अब्दुल्ला हरून यांचा १९६९ मधील मृत्यू जिन्यावरून पडून नव्हे तर छळामुळे झाला असे २०२३ मध्ये न्यायालयांनी नोंदवले. कृष्णवर्णीय आत्मभान चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांच्या १९७७ मधील मृत्यूची चौकशीही सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा उघडण्यात आली.

काही कुटुंबांकडे दुरुस्त करायला नोंद होती. काहींकडे देहही नव्हता. प्रिटोरियाच्या मध्यवर्ती तुरुंगात फाशी दिलेल्या राजकीय कैद्यांचे मृतदेह सरकार स्वतःच्या ताब्यात ठेवी आणि बेवारसांच्या कबरींत पुरून टाकी, आप्तांना कबर कोणती हेही कळत नसे. आयोगाच्या अहवालानंतर २००५ मध्ये अभियोक्ता कार्यालयात बेपत्तांच्या शोधासाठी एक विशेष पथक स्थापन झाले. हुकूमशाहीने नाहीशी केलेली माणसे शोधण्यात अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांनी, म्हणजे हाडांवरून माणसाची ओळख पटवणाऱ्या तज्ज्ञांनी, जे कसब मिळवले होते त्याचा या पथकाला उपयोग झाला. दफनभूमीच्या जुन्या नोंदवह्या वाचणे, एकावर एक पुरलेल्या देहांचा क्रम लावणे, अस्थी वेगळ्या करून त्या आप्तांच्या स्वाधीन करणे असे हे संथ काम आहे. प्रिटोरियातील फ्रीडम पार्कमधील भिंतीवर हजारो नावे कोरलेली आहेत आणि ते स्मारक भव्य आहे. तरीही आपल्या माणसाच्या अस्थी हातात घेऊन गावी परतलेल्या कुटुंबाला जे मिळते ते भिंतीकडून मिळणारे नव्हे.

नोकुथुला सिमेलाने ही तेवीस वर्षांची विद्यार्थिनी सशस्त्र लढ्यासाठी स्वाझीलँडहून निरोप आणण्याचे काम करीत असे. १९८३ मध्ये जोहान्सबर्गमध्ये सुरक्षा पोलिसांनी तिचे अपहरण करून तिचा अनेक आठवडे छळ केला. अपहरणाची कबुली देणाऱ्या काहींना आयोगाकडून माफी मिळाली, मात्र तिचे पुढे काय झाले याचा खरा जबाब कोणीही दिला नाही. चार माजी पोलिसांवर खुनाचा आरोप ठेवला गेला तो २०१६ मध्ये. तिच्या बेथल या गावी तिचा पुतळा उभा आहे. तिच्या अस्थी अजून सापडलेल्या नाहीत.