थंड डोंगरावर सौरवीज जास्त का मिळते?

लडाखमध्ये विजेच्या तारांपासून दूर असलेल्या घरांच्या छपरांवर सौरपट्ट्या दिसतात. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो, तरी त्या वीज देतात. याचं कारण असं की सौरपट्टी चालते ती प्रकाशावर. उष्णता तिला उलट मारकच ठरते. प्रकाश सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे करतो आणि त्यांचा प्रवाह म्हणजे वीज. पट्टी तापली की व्होल्टेज घसरतं. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर अंशामागे वीज साधारण ०.३ ते ०.५ टक्क्यांनी घटते. म्हणून सारख्याच उन्हात विदर्भातल्या तापलेल्या पट्टीपेक्षा लडाखमधली थंड पट्टी सरस ठरते. शिवाय लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ, कोरड्या हवेत ऊन कमी अडतं.

मग रात्रीचं काय, हा आक्षेप रास्त आहे. रात्रीसाठी वीज बॅटरीत साठवावी लागते, पण थंडीत तिच्यातल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडू शकते. त्यामुळे ती घराच्या उबदार भागातच ठेवायला हवी. रात्रभर खोली तापवणंही या साठ्याला झेपत नाही. तिथे घराची बांधणी कामी येते: दक्षिणेला काच आणि तिच्यामागे जाड मातीची भिंत. चूल विझल्यावरही तवा गरम राहतो, तशी दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. लेहजवळच्या फे इथल्या सेकमोल संस्थेच्या इमारती सूर्याची ऊब अशीच साठवतात. म्हणून डोंगरातल्या स्वयंपूर्ण घराने पट्ट्या वाढवण्याआधी विजेची गरज कमी करावी.